बिदागी, वर्षासन आणि वर्गणी

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीचा इतिहास सांगणारे बहुधा श्रीनृसिंहसरस्वतींच्या बारा वर्षांच्या वास्तव्यापासून आरंभ करतात, मनोहर पादुकांच्या स्थापनेचे आख्यान सांगतात, पावसाळ्यात नदीचे पाणी गाभाऱ्यातून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते त्या पर्वणीचे वर्णन करतात आणि तेथे थांबतात. क्षेत्राचा महिमा हाच ज्यांचा विषय त्यांनी तेथे थांबावे हे उचितही आहे. परंतु वाडी, पंचगंगेपलीकडचे कुरुंदवाड आणि मिरज, सांगली, कोल्हापूर ही भोवतालची जुनी संस्थाने मिळून जो मुलूख होतो, त्याला दुसराही एक इतिहास आहे, आणि तो लोकांच्या विरंगुळ्याचा आहे. दिवसभर शेतात वा पेढीवर राबलेला माणूस रात्री कीर्तनाला बसे, उत्सवात गाणे ऐके, जत्रेत कुस्त्यांचे मैदान पाही. पण त्यासाठी गाणारा, वाजविणारा, शिकविणारा कोणीतरी आधीपासून पोसलेला असावा लागे. त्याला कोणी पोसले, कशाच्या बळावर पोसले आणि पोसणारा हात आखडल्यावर त्याचे काय झाले, याचा वृत्तांत माहात्म्याच्या पोथ्यांत येत नाही. तो दरबारांच्या दप्तरांत, कलावंतांच्या चरित्रांत आणि मंडळांच्या जमाखर्चात विखुरलेला आहे, आणि तो जुळवून पाहिला असता पैसा वास्तूवर घातला की माणसावर, या एका भेदाने किती मोठे अंतर पडते ते स्पष्ट दिसू लागते.

वाडीपुरते पाहिले तर तेथील व्यवस्थेचा पाया जमिनीवर होता. विजापूरच्या आदिलशहाने आपल्या कन्येची दृष्टी परत आल्याच्या कृतज्ञतेने औरवाड आणि गौरवाड ही नदीपलीकडची गावे देवस्थानास इनाम दिली, अशी परंपरा आहे. आलासच्या भैरंभट जेरे यांच्या वंशजांकडे पूजेचा अधिकार आला आणि पुढे वंशविस्तार होत गेला तसतशा पाळ्या पडल्या. पहाटेच्या काकडआरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंतचा नित्यक्रम, पालखीपुढे पदे म्हणण्याचा परिपाठ, गुरुद्वादशी, दत्तजयंती, गुरुप्रतिपदा आणि माघातला कृष्णावेणी उत्सव, हे सारे अशा पाळीने सेवा करणाऱ्या माणसांच्या जिवावर चालत आले. पदे म्हणणारा पुजारी गायक म्हणून नेमलेला नव्हता, पण सूर आणि ठेका त्याला बालपणापासून अवगत असे, कारण वडिलांच्या मागे पालखीत चालताना तो ते शिकलेला असे. संपूर्ण दक्षिण महाराष्ट्रात गावोगावच्या देवळांतूनही थोड्याफार फरकाने हाच प्रकार होता. गुरवाला चौघडा आणि सनई वाजविण्याबद्दल जमीन, पुराणिकाला वर्षासन, दिवाबत्तीला तेलाची नेमणूक, उत्सवाला सरकारातून काही रोख आणि काही धान्य. आजच्या भाषेत ज्याला आवर्ती खर्च म्हणतात तो त्या काळी सनदेने बांधून दिलेला असे, आणि त्याची तजवीज एकदा झाली म्हणजे गावाला दरवर्षी हात पसरावे लागत नसत.

कीर्तनकाराची गोष्ट मात्र निराळी होती. तो एका पायावर देवस्थानाचा आणि दुसऱ्या पायावर लोकांचा असे. पूर्वरंगातले निरूपण आटोपले, मध्यंतरी बुक्का लावून गळ्यात हार पडला, उत्तररंगात हरिश्चंद्राचे वा ध्रुवाचे आख्यान रंगून श्रोत्यांचे डोळे ओले झाले, म्हणजे शेवटी आरतीचे तबक सभेत फिरे. पितळेच्या त्या तबकात मधोमध निरांजन, भोवती अक्षता आणि फुले, आणि फिरत फिरत ते बुवांपाशी परत येईपर्यंत त्यात तांब्याचे पैसे, एखादी चवली-पावली, खारका, सुपाऱ्या, कधी नारळ अशी भर पडलेली असे. कोणी किती घातले हे शेजाऱ्याला दिसे, पण ज्याने काही घातले नाही त्यालाही ज्योतीवरून हात फिरवून घेण्याचा अधिकार तेवढाच असे. उत्सवाच्या अखेरीस देवस्थानाकडून मिळायची ती बिदागी किंवा संभावना, रोजचा शिधा आणि या तबकातली मिळकत, या तिन्हींवर बुवांचा प्रपंच चाले. ऐकणाऱ्याला दारात पैसे मोजावे न लागता गाणाऱ्याला पोटापुरते मिळावे, ही किमया इतक्या साध्या साधनाने साधलेली दुसरीकडे क्वचित आढळेल. पण तबक भरण्यासाठी बुवा त्या गावी येऊन पोहोचावे लागत, आणि वर्षाचे बाराही महिने काही उत्सव नसतो. म्हणूनच ज्याच्यामागे एखाद्या संस्थानाची कायम नेमणूक असे तोच कीर्तनकार निश्चिंतपणे विद्या वाढवू शके.

कुरुंदवाडच्या पटवर्धनांचा असा आश्रय दिगंबरबुवा पलुसकरांना लाभला होता. त्यांच्या घरी 18 ऑगस्ट 1872 रोजी विष्णूचा जन्म झाला. वडिलांच्या मागे कीर्तनात सूर धरणारा हा मुलगा दरबारच्या मायेखाली वाढत होता, आणि सरळ मार्गाने गेला असता तर तोही वडिलांसारखा चार गावांत मान मिळविणारा कीर्तनकार झाला असता. पण नृसिंहवाडीच्या दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम चालले असता एक फटाका त्याच्या चेहऱ्याजवळ फुटला आणि डोळ्यांना कायमची इजा झाली. पुढचे शालेय शिक्षण अशक्य झाले, आणि उपचारासाठी मिरजेस नेलेल्या या मुलाला तेथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हवाली करण्यात आले. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची गायकी पायपीट करून महाराष्ट्रात आणणारे तपस्वी गायक. त्यांना मिरज दरबारची नोकरी होती, आणि शिष्यालाही दरबारचाच आधार मिळाला. एका उत्सवातील आनंदाच्या खर्चाने जे नेत्र हिरावले, त्यांची भरपाई दुसऱ्या एका संस्थानाच्या विद्येवरील खर्चाने काही अंशी तरी केली, असे या घटनेविषयी म्हणता येईल.

तथापि दरबारी आश्रयाचे उणे कोठे होते, हे या मुलाच्या जन्मापूर्वीच शेजारच्या सांगलीने दाखवून दिलेले होते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांना तशी नाटके मराठीत व्हावीत असे वाटले, आणि त्यांच्या आज्ञेवरून विष्णुदास भाव्यांनी 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. पोशाख, मुखवटे, मेणबत्त्या, पात्रांचा शिधा, सारे सरकारातून. 1851 मध्ये आप्पासाहेब निवर्तले आणि तो आधार एकाएकी नाहीसा झाला. ज्यांनी आपली उमेद या एका उद्योगात घातली होती ती मंडळी उघड्यावर पडली. भाव्यांनी मग गावोगाव फिरून खेळ लावले आणि 1853 मध्ये मुंबईस जाऊन तिकीट लावून नाटक केले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात हा प्रसंग व्यवसायाचा प्रारंभ म्हणून गौरवाने सांगितला जातो, आणि तो गौरव रास्तच आहे. पण जो विरंगुळा एका माणसाच्या हयातीवर अवलंबून असतो त्याला मुळे धरायला जमीनच नसते, हाही त्याचा एक अर्थ आहे, आणि नगरपालिकेपासून देवस्थानापर्यंत कोणीही असे उपक्रम हाती घेताना तो ध्यानी ठेवण्याजोगा आहे.

अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी मात्र आश्रयाची वाट न पाहता लोकांच्या तिकिटावर भरवसा ठेवला. किअरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस पाहून त्यांनी 1880 मध्ये आपली सर्कस उभी केली, आणि तिच्या मिळकतीतून त्यांनी ग्वाल्हेरच्या हद्दूखाँसाहेबांचे गवई पुत्र रहिमतखाँ यांचा आपल्या अखेरपर्यंत सांभाळ केला. घोड्यांच्या कसरतींनी मिळविलेला पैसा खयालाच्या गायकीवर खर्च व्हावा, हे या मुलखाचेच वैशिष्ट्य. विष्णुपंतांच्या पश्चात त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी ती जबाबदारी सोडली नाही. खाँसाहेबांचे अखेरचे दिवस कुरुंदवाडास गेले आणि 1922 मध्ये तेथेच ते पैगंबरवासी झाले.

विष्णु दिगंबर पलुसकर 1896 मध्ये मिरजेहून बाहेर पडले. त्यामागची जी हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे ती आपल्या विषयाच्या मर्माला स्पर्श करणारी आहे: एका समारंभाचे निमंत्रण विष्णूला आले, पण त्याच्या गुरूंना आले नाही, कारण गुरू हे केवळ गवई, म्हणजे पदरी ठेवलेला माणूस. पगार मिळतो पण पंक्तीला पान मिळत नाही, ही स्थिती त्या तरुणाला असह्य झाली. सौराष्ट्रात त्यांनी अल्प तिकीट लावून जाहीर बैठक केली. राजवाड्याच्या दिवाणखान्यात ऐकायचे गाणे चार आण्यांचा श्रोताही ऐकू शकतो हे त्यातून सिद्ध झाले. 5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, आणि ते कोणा एका राजाच्या खासगीतून चालविण्याऐवजी विद्यार्थ्यांची फी, लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या बैठकींची मिळकत यांवर चालविले.

परंतु पैशाच्या या नव्या व्यवस्थेपेक्षाही मला त्यांची माणसांची व्यवस्था अधिक महत्त्वाची वाटते. संगीत शिकवायचे तर शिक्षक हवेत, आणि जुने उस्ताद आपली विद्या हात राखून देत. तेव्हा त्यांनी उपदेशक वर्ग काढला. गरिबांची होतकरू मुले वर्षानुवर्षे आश्रमात राहत, अन्न, वस्त्र आणि विद्या विनामूल्य मिळवत, आणि त्याच्या मोबदल्यात आधी त्याच विद्यालयात आणि पुढे देशभर शिकवीत. मिरजेचे विनायकराव पटवर्धन संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन लाहोरास गेले ते याच व्यवस्थेत. 1908 मध्ये मुंबईस विद्यालय निघाले, तेथे स्वतःची भव्य इमारत असावी अशी उत्कट इच्छा विष्णु दिगंबरांना झाली, कर्ज काढून ती उभीही राहिली. पण कर्जाचे व्याज बैठकींच्या मिळकतीतून फिटेना, आणि ती वास्तू अखेर धनकोंच्या हाती गेली. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले तेव्हा इमारत त्यांची राहिली नव्हती. तरीही त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकरावांनी 1932 मध्ये पुण्यास विद्यालय काढले. दुसरे शिष्य देवधर यांची मुंबईची शाळा 1925 पासून चालू होतीच. आणखी एक शिष्य ओंकारनाथ ठाकूर पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले. ज्या खर्चातून इमारत उभी राहिली तो बुडाला, आणि ज्या खर्चातून आश्रमातली मुले दोन वेळा जेवली तो आज तालुक्याच्या गावी संगीताची परीक्षा देणाऱ्या मुलीपर्यंत पोहोचला आहे.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्या वतनी व्यवस्थेचे गोडवे गाताना ती कोणाच्या पाठीवर उभी होती हे विसरून चालत नाही. पालखीपुढे आणि कुस्तीच्या मैदानात ज्या हलगीवाचून रंग भरत नसे, ती वाजविणारा माणूस देवळाच्या पायरीखाली उभा राही. त्याचे वाजविणे ही कला मानली जात नसे, ते वतनाबरोबर आलेले बंधन असे, आणि त्याचा मोबदला म्हणजे खळ्यावरचे बलुते किंवा पंक्तीनंतरचे अन्न. हलगीच्या कातड्याला जाळावर ऊब देऊन तिचा सूर चढविणाऱ्या त्या हातांत लयीचे जे ज्ञान होते ते कोणत्याही मृदंगाचार्याच्या ज्ञानाहून उणे नव्हते. शाहू छत्रपतींनी 1918 मध्ये कोल्हापूर संस्थानात महार वतने खालसा करून त्या जमिनी रयतावा केल्या, तेव्हा वेठीचा एक फास सुटला. मात्र वेठ गेली त्या प्रमाणात वेतन आले नाही, आणि ती उणीव अजून भरून निघालेली नाही.

शाहू महाराजांच्या कारकीर्दीत, म्हणजे 1894 ते 1922 या काळात, कोल्हापुराने लोकांच्या विरंगुळ्यावर जितका विचारपूर्वक खर्च केला तितका दुसऱ्या एखाद्या संस्थानाने क्वचितच केला असेल. 1902 च्या विलायतेच्या प्रवासात त्यांनी रोमची प्राचीन रंगभूमी पाहिली, आणि 1912 मध्ये खासबागेचे मैदान सिद्ध झाले. जमिनीच्या पातळीखाली उतरत गेलेल्या त्या बैठकीची रचना अशी आहे की शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही हौदातला डाव आडपडद्याशिवाय दिसावा. शेजारीच पॅलेस थिएटर उभे राहिले, ज्याला पुढे संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. तथापि खासबाग ही केवळ शेंडी होती. मस्तक होते ते पेठापेठांतल्या तालमींत. मल्लांना दरबारातून खुराक बांधून दिलेला असे: दूध, तूप, बदाम, मांस. वस्तादाला नेमणूक असे, आणि खेड्यातून आलेल्या पोराची राहण्याची सोय तालमीतच होई.

तालमीतली माती पाहिली म्हणजे या खर्चाचे स्वरूप कळते. तांबडी माती चाळून, तीत तेल, ताक, लिंबाचा रस, हळद आणि काव घालून ती मुरवतात. पहाटे पोरे लंगोट कसून प्रथम खोऱ्याने ती उकरतात, पाणी शिंपडून हाताने सारखी करतात, चिमूटभर कपाळाला लावतात आणि मगच जोर-बैठकांना आरंभ होतो. ही माती एकदा घालून भागत नाही. ती दररोज उकरावी लागते, तेलाताकाची भर वरचेवर घालावी लागते, आणि चार महिने तालीम बंद पडली तर दगडासारखी घट्ट होऊन बसते. वस्ताद कट्ट्यावर बसून कोणाचा पट काढण्याचा हात चुकतो, कोणाचा दम कमी पडतो ते पाहतो, आणि रात्री कुंडीत बदाम घोटण्याची पाळी कोणाची तेही तोच ठरवितो. अशा माणसाला हंगामी म्हणून नेमता येत नाही.

1948 मध्ये कुरुंदवाड आणि 1949 मध्ये कोल्हापूर विलीन झाले, आणि खुराक बांधून देणारा हात गेला. त्यानंतर तीनच वर्षांनी मल्ल खाशाबा जाधवांनी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, तेव्हा त्यांना तेथे धाडण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते आणि उरलेल्यासाठी वर्गणी गोळा झाली होती. हा प्रसंग त्यागाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. त्या त्यागापुढे नतमस्तक होऊनही असे वाटते की, ज्या राज्यात मल्लाच्या प्रवासखर्चासाठी एका शिक्षकाचे घर गहाण पडते, तेथे जुनी व्यवस्था मोडली होती आणि नवी अजून बसली नव्हती, याची ही सर्वांत स्पष्ट नोंद आहे. पुढे शाहूपुरी तालमीत तयार झालेले श्रीपती खंचनाळे 1959 मध्ये पहिले हिंदकेसरी झाले, आणि 1961 पासून महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली. ही त्या जुन्या तालमींचीच पुण्याई.

पोकळी भरून काढली ती वर्गणीने. सार्वजनिक गणेशोत्सवाने दारोदार पावतीपुस्तक नेण्याची सवय लावलेली होतीच. तालमींची तालीम मंडळे झाली, आणि कोल्हापुरात त्यांच्या नावाने फुटबॉलचे संघही उभे राहिले, ज्यांच्या सामन्यांना आजही पेठाच्या पेठा लोटतात. कुरुंदवाडात पाच मशिदींत गणपती बसतो, आणि त्याच्या वर्गणीत व मांडणीत दोन्ही समाजांची मुले राबतात. संस्थान गेले तरी गावाची मिळून करण्याची वृत्ती गेली नाही याचे हे सुंदर प्रत्यंतर आहे. परंतु वर्गणीचा स्वभाव असा की ती एका रात्रीसाठी, एका मांडवासाठी, एका मिरवणुकीसाठी सहज जमते. दहा दिवसांच्या रोषणाईला माणूस आनंदाने पैसे देतो. तबलजीच्या जून महिन्याच्या पगारासाठी कोणी पावती फाडत नाही. ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांच्याही अंदाजपत्रकात व्यायामशाळेची इमारत, समाजमंदिर, वाचनालयाची खोली यांना तरतूद मिळते, कारण इमारतीचे उद्घाटन होते आणि कोनशिलेवर नाव लागते. 2024 च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले, शासनाने पुनर्बांधणीसाठी निधीही लागलीच जाहीर केला, आणि ते आवश्यकच होते. त्याच तत्परतेने तेथे उद्या गाणाऱ्या मुलांना शिकविणारा शिक्षक नेमला जावा, अशी अपेक्षा मात्र कोणी बोलून दाखविलेली आढळत नाही.

नृसिंहवाडीस आजही उत्सवांत कीर्तने होतात, नामवंत गवई हजेरी लावतात, बाहेरगावचे भाविक पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी घेऊन तृप्त होऊन परततात, आणि महापुरात देव नारायणस्वामींच्या मंदिरात हलवावे लागले तरी नित्यक्रम खंडत नाही. देवस्थानाचा विश्वस्त मंडळामार्फत चालणारा कारभार नियमित आहे, यात्रा वाढती आहे, आणि पेठेतल्या व्यापाऱ्यांची मिळकत तिच्यावर अवलंबून आहे. तेव्हा वाडी, कुरुंदवाड आणि भोवतालच्या खेड्यांतील मुलांसाठी एक गायनशिक्षक, एक पखवाजी, एक हलगीचा जाणता कलावंत आणि एक वस्ताद असे चौघे बारमाही वेतनावर नेमावेत. देवस्थान, ग्रामपंचायत, नगरपालिका आणि पेठ यांनी हिस्से ठरवून त्यांचे वर्षासन उत्सवाच्या खर्चाआधी बाजूला काढावे. आणि त्याचा ठराव एका वर्षापुरता न करता निदान बारा वर्षांसाठी, म्हणजे कृष्णेच्या एका कन्यागत पर्वापासून दुसऱ्या पर्वापर्यंत, करावा. मिरजेला पलुसकरांच्या एका मुलावर जेवढी वर्षे खर्च करावी लागली, साधारण तेवढाच हा अवधी आहे.